बुधवारी बसणारी ताई हवी

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

महिला दिनाच्या दुसऱ्या दिवशी आपल्या जिल्हा पानावर आमच्या तालुक्याच्या गावचं एक छायाचित्र आलं होतं. मंडपात ओळीनं मांडलेल्या शिलाई मशिनी, त्यांच्यामागे उभ्या असलेल्या बाया, पुढे पाहुणे मंडळी. एका दानशूर मंडळानं विधवा आणि नवऱ्यानं टाकलेल्या बायांना त्या मशिनी दिल्या. देणाऱ्यांचं मन मोठं आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्या छायाचित्रानंतर काय झालं ते मात्र लिहावंसं वाटलं, आणि दर बुधवारी एक ताई बसायच्या त्या समुपदेशनाच्या खोलीबद्दलही.

बसस्टँडच्या मागे माझं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या मोटरी, सबमर्सिबल, पिठाच्या गिरणीची मोटर, जे जळेल ते माझ्याकडे येतं. पंधरा दिवसांनी त्या मशिनींपैकी दोन माझ्याकडे मोटर बसवायला आल्या. एक बाई दहा किलोमीटरवरच्या गावची होती. ऑटोत टाकून मशीन घेऊन आली होती. मी पट्टा मोजत होतो तेव्हा ती म्हणाली, "भाऊ, मोटर त बसवून देसान तुमी, पन शिवाले कपडे देते कोन? गावात अगुदरच चार जनी शिवतात. आता आमी सात झालो."

मी विचारलं, लेकरं किती? दोन. एक पाचवीत, एक पहिलीत. मालक? "किडनीनं गेले. दोन वर्सं झाले." मी विचारलं, बालसंगोपनचा फॉर्म भरला काय? ती माझ्याकडे पाहत राहिली. म्हणाली, "ते काय राह्यते?"

क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत, आई किंवा बाप यांपैकी एकच उरलेल्या लेकराला महिन्याला २२५० रुपये मिळतात, वयाची १८ वर्षं पूर्ण होईपर्यंत. पूर्वी ही रक्कम ११०० होती, २०२३ मध्ये वाढली. त्या बाईची लेकरं दोन. म्हणजे महिन्याचे ४५०० आणि वर्षाचे ५४ हजार. सात-आठ हजारांची मशीन तिला मंडपात बोलावून, नारळ फोडून दिली गेली. वर्षाला ५४ हजारांचा हक्क तिला दोन वर्षांत कोणी तोंडानं सांगितला नाही. त्या मंडपात खासदार-आमदारांपासून सरपंचांपर्यंत कोणाला बोलवायचं याचा विचार झाला असेल, पण एका टेबलावर एक माणूस बसवून प्रत्येकीला "तुझे कागद दाखव" असं विचारावं, हे कोणाला सुचलं नाही.

हे मी एवढ्या पोटतिडकीनं का लिहितो ते सांगतो. मीही दोन मुलींचा एकटा बाप आहे.

२०२३ चा पोळा १४ सप्टेंबरला होता. त्याच्या पुढच्या आठवड्यात माझी बायको शेतात निंदायला गेली होती. आमचं तीन एकर, कपाशी आणि मधे तुरीच्या ओळी. दुपारी पायाला काही तरी टोचलं, तिला वाटलं काटा रुतला. पुसलं आणि काम करत राहिली. घरी आली तेव्हा पाय गुडघ्यापर्यंत सुजला होता. चूळ भरली तर हिरड्यांतून रक्त. तेव्हा कळलं की घोणस चावली. गाडी मिळेपर्यंत रात्रीचे नऊ झाले, आणि तालुक्याचा दवाखाना सहा किलोमीटर राहिला असताना तिनं माझ्या मांडीवर मान टाकली.

सोबतची वडीलधारी माणसं म्हणाली, "आता दवाखान्यात कायले नेता? चिरफाड करतीन, मयत उद्या भेटन. पोरीईले तोंड पाहू द्या मायचं." मला काही सुचत नव्हतं. आम्ही गाडी अर्ध्या रस्त्यातून वळवली. सकाळी दहा वाजता अग्नी दिला. ती माणसं वाईट नव्हती. त्यांनी माझ्या भल्याचंच सांगितलं, त्यांना जेवढं माहीत होतं तेवढ्यातून.

सात महिन्यांनी मला कळलं की गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना नावाची एक योजना आहे. वीज पडणं, विजेचा धक्का, सर्पदंश अशा अपघातात शेतकरी किंवा त्याच्या कुटुंबातला एक सदस्य गेला तर घरच्यांना २ लाख रुपये मिळतात. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे, ३० दिवसांच्या आत. सोबत पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल. माझ्याकडे ना पंचनामा, ना अहवाल, आणि दिवस झाले होते दोनशेच्या वर. त्या रात्री गाडीत जर एक माणूस असता ज्याला हे माहीत होतं, तर सहा किलोमीटर पुढे गेलो असतो. पैशासाठी नाही लिहीत. पण माझी मोठी मुलगी पुढे शिकायचं म्हणेल तेव्हा मला ती वळवलेली गाडी आठवेल, हे खरं आहे.

आता त्या खोलीबद्दल लिहितो, कारण पत्र लिहायला बसलो ते तिच्यासाठी.

आमच्या तालुक्याच्या गावी बुधवारचा बाजार भरतो. बाजाराच्या मागच्या गल्लीत एका संस्थेनं एक खोली भाड्यानं घेतली होती. संस्थेचं नाव मी लिहीत नाही, तिथल्या लोकांना विचारल्याशिवाय ते लिहिणं बरोबर नाही. खोलीत एक टेबल, एक लोखंडी कपाट, भिंतीला लावलेला बाक आणि बाहेर पाटी, 'महिला व बाल समुपदेशन केंद्र'. दर बुधवारी अकरा ते चार एक ताई तिथे बसायच्या. बुधवार मुद्दाम ठरवला होता. खेड्यातली बाई "समुपदेशनाला चालली" म्हणून घरातून निघू शकत नाही, पण बाजाराला निघू शकते. पिशवीत तिखट-मीठ आणि खाली फाईल.

मला निवृत्त झालेल्या एका गुरुजींनी तिथे पाठवलं. मी पहिल्या बुधवारी गेलो, पाटी वाचली आणि परत आलो. पाटीवर महिला लिहिलं होतं, आत सगळ्या बायाच बसलेल्या. दुसऱ्या बुधवारीही तेच. तिसऱ्या वेळी ताईच दारात आल्या आणि म्हणाल्या, "दादा, तीन बाजार झाले तुम्ही येऊन राहिले. आत बसा." बाकावरच्या दोघी सरकल्या, मला जागा केली.

मला वाटलं कागद मागतील. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो हा, "पोरी रात्री कोणाजवळ झोपतात?"

बायको गेल्यापासून हे मला कोणी विचारलं नव्हतं. लोकांनी विचारलं होतं की दुसरं कधी करतो. तिसऱ्या महिन्यातच दोन स्थळं आली होती. आमच्याच गल्लीत त्याच दिवाळीत एका बाईचा नवरा गेला, तिच्या हातातल्या बांगड्या दहाव्याला फोडल्या. मला मात्र नवीन शर्ट घ्यायला सांगत होते. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूरकडच्या हेरवाड ग्रामपंचायतीनं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, सरकारनंही मग परिपत्रक काढून बाकीच्या गावांना तसं करायला सांगितलं. आमच्या गावाच्या ग्रामसभेत तो विषय आजवर निघालेला नाही.

ताईंना मी खरं सांगितलं. रब्बीत शेतीची लाइन रात्रीची असते, मोटरी रात्री जळतात, शेतकरी पहाटे दुकानाचं शटर वाजवतो. मी रात्री उशिरापर्यंत दुकानात असायचो आणि दोघी मुली, तेव्हा दहा आणि पाच वर्षांच्या, घराला आतून कडी लावून झोपायच्या. ताईंनी रागावून काही म्हटलं नाही. माझ्या गावची अंगणवाडी सेविका त्यांच्या ओळखीची होती, तिला फोन लावला. शेजारच्या एका एकट्या म्हातारीशी बोलून ठरलं की मुली रात्री तिच्याकडे झोपतील आणि तिचं किराणा-सामान मी आणून देईन. ती व्यवस्था आजपर्यंत चालू आहे. कोणत्याही योजनेत नाही बसत ही गोष्ट, तिला ना फॉर्म, ना रक्कम.

मग कागद. ताई म्हणाल्या, घरात जेवढे असतील तेवढे सगळे घेऊन या, निवडून आणू नका. पुढच्या बुधवारी मी बायकोचा पत्र्याचा डबा तसाच उचलून नेला. त्यात बचत गटाची वही होती, मुलींची लसीकरणाची कार्डं होती आणि बँकेचं पासबुक. ताईंनी पासबुक एकेक ओळ बोट ठेवून वाचलं. एका ओळीवर थांबल्या. २०२३ च्या मे महिन्याच्या शेवटी ४३६ रुपये वजा झाले होते.

"दादा, हा जीवन ज्योतीचा हप्ता आहे," त्या म्हणाल्या. प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना. वर्षाला ४३६ रुपये, विमा १ जून ते ३१ मे, आणि मृत्यू कशानंही झाला तरी २ लाख. बचत गटाचं खातं उघडताना बँकेत सगळ्या बायांच्या सह्या घेतल्या होत्या, त्यातच हा फॉर्मही होता. बायकोला माहीत होतं की नाही, मला आता कळायचा मार्ग नाही. पासबुक माझ्याच घरात होतं. मी ते डब्यातून काढून दोनदा पाहिलंही होतं, शिल्लक किती तेवढी पाहिली आणि ठेवून दिलं.

दाव्याचा अर्ज, मृत्यूचा दाखला, नॉमिनीचे कागद. रेशन कार्डावर तिचं घरात बोलायचं नाव, आधारवर पूर्ण नाव, मृत्यूच्या दाखल्यावर तिसरंच. नाव एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र करावं लागलं. बँकेनं आधी उशीर झाला म्हणून नकार दिला, ताईंनी उशिराचं कारण लिहून दिलं, सोबत स्वतः आल्या. चार महिन्यांनी रक्कम आली. ती दोघी मुलींच्या नावानं अर्धी-अर्धी ठेवीत आहे.

संपादक साहेब, एका बाईनं एका पासबुकातली एक ओळ वाचली, त्यातून हे झालं.

मुलींच्या बालसंगोपनाचाही अर्ज तिथूनच गेला. मला तर वाटत होतं की या सगळ्या योजना बायांसाठी आहेत, आणि बऱ्याच आहेतही. संजय गांधी निराधार योजनेत विधवेला महिन्याला १५०० मिळतात, विधुराला त्यात जागा नाही. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये लेकराला ४००० चं प्रायोजकत्व आहे, खेड्यात वर्षाचं उत्पन्न ७२ हजारांच्या आत असेल तर, पण तिथंही विधवा, घटस्फोटित, टाकलेल्या आईचं लेकरू आधी येतं. ते योग्यच आहे, बाईचं मरण पुरुषापेक्षा दुप्पट असतं हे मी त्या बाकावर बसून पाहिलं. पण बालसंगोपन लेकरासाठी आहे. मागे आई उरली की बाप, यानं त्यात फरक पडत नाही. हे माझ्यासारख्या किती बापांना माहीत असेल? बोनाफाईड, रहिवासी दाखला, उत्पन्नाचा दाखला, मृत्यूचा दाखला, घरासमोर मुलींसोबत काढलेला फोटो. मग घरी येऊन चौकशी, मग जिल्ह्याला बालकल्याण समितीपुढे मुलींना घेऊन हजर राहणं. धाकटी समितीपुढे रडायला लागली, तिथल्या मॅडमनं तिला बिस्किट दिलं. पैसे दर महिन्याला ठरल्या दिवशी येतात असं नाही, दोन-चार महिन्यांचे एकदम येतात. पण येतात, आणि शाळेचे बूट त्यातून होतात.

बुधवारी माझी पाळी येईपर्यंत मी बाकावर बसून इतरांचं ऐकायचो. काही जणींचं इथं लिहितो, ओळखू येणार नाही इतपतच.

एक बाई, नवरा सात वर्षांपासून सुरतला की कुठे, कोणाला माहीत नाही. मेला म्हणावं तर मृत्यूचा दाखला नाही, सोडलं म्हणावं तर घटस्फोटाचा आदेश नाही. २०२५ च्या सप्टेंबरपासून लाडक्या बहिणीची ई-केवायसी सुरू झाली, त्यात नवऱ्याचं किंवा बापाचं आधार मागत होते. बाप वारलेला, नवरा बेपत्ता. ती मोबाइल हातात घेऊन बसलेली आणि पडद्यावर रिकामी चौकट. एकटी बाई म्हणजे एक तर विधवा, नाही तर घटस्फोटित, असं फॉर्म बनवणाऱ्याच्या मनात पक्कं असतं. आमच्याकडे तर निम्म्या बाया मधल्याच आहेत.

दुसरी, नवऱ्यानं कर्जापायी औषध घेतलेलं. प्रकरण अपात्र ठरलं, कारण कर्ज खाजगी सावकाराचं आणि सावकाराकडे परवाना नाही. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या घरच्यांना सरकारकडून मिळते ती एक लाखाची मदत मिळाली नाही. ती मदत २००६ पासून तशीच आहे, ३० हजार रोख आणि ७० हजार ठेवीत. पण तिला त्या लाखापेक्षा मोठा प्रश्न वेगळाच होता, सातबारावर तिचं नाव चढत नव्हतं. सासरा म्हणायचा, "शेत कोठी चाललं काय? खा ना इथी राहून." नवऱ्याच्या मागे बायको वारस असते, हे १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यातच आहे. महिला किसान अधिकार मंचानं, ज्याला मकाम म्हणतात, २०१८ मध्ये विदर्भ-मराठवाड्याच्या ११ जिल्ह्यांत अशा ५०५ बायांशी बोलून पाहणी केली होती. त्यात ४० टक्के बायांच्या नावावर नवरा कसत होता ती जमीन झालेली नव्हती. १८ जून २०१९ ला महसूल खात्यानं या बायांसाठी शासन निर्णयही काढला. त्याची झेरॉक्स ताईंच्या कपाटात होती, घड्या पडून फाटायला आलेली, कारण दर वेळी तीच काढून तलाठ्यासमोर ठेवावी लागायची. ताई सोबत गेल्या तेव्हा त्या बाईची वारस नोंद झाली. शासन निर्णय तोच, तलाठी तोच. फरक एवढाच की बाई एकटी नव्हती.

तिसरी आमच्याच जिल्ह्यातल्या झरी-जामणी तालुक्याकडची, आमच्या भागात येऊन राहिलेली. लग्न न करता मुलगा झालेली. त्या भागातल्या कुमारी मातांबद्दल आपल्याकडे वर्षानुवर्षं बातम्या येतात, विधानसभेत प्रश्न येतात. ती पोरगी बावीस-तेवीस वर्षांची असेल. तिला मुलाचं नाव शाळेत घालायचं होतं. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या लेकराच्या नावापुढे आधी आईचं नाव लागतं हा नियम झाला, पण तिचा मुलगा त्याआधीचा. आणि जातीच्या दाखल्याला बापाकडचे पुरावे मागतात. आदिवासींना ते ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचे. बापच कागदावर नाही तर पणजोबा कुठून आणायचा? ताईंनी तिला तालुका विधी सेवा समितीत नेलं. कोर्टाच्या आवारातच असते ती. १९८७ च्या कायद्यानं बायांना आणि लेकरांना उत्पन्न कितीही असलं तरी तिथे वकील फुकट मिळतो. पुरुषालाही मिळतो, आपल्या राज्यात वर्षाचं उत्पन्न ३ लाखांच्या आत असेल तर. मी त्या कोर्टासमोरच्या टपरीवर वीस वर्षं चहा प्यायलो, मला हे माहीत नव्हतं. फोनही आहे त्यांचा, १५१००.

माझ्या मोठ्या मुलीचंही लिहितो. तिला मी विचारलं, लिहू काय? ती म्हणाली, लिहा. गेल्या पावसाळ्यात ती शाळेतून आली आणि दुकानाच्या ओट्यावर दप्तर मांडीवर घेऊन बसून राहिली. मी जळालेल्या मोटरची तार काढत होतो. दोनदा विचारलं, घरी काहून जात नाही? ती काही बोलेना. तिसऱ्यांदा विचारलं तर रडायला लागली. मला कळायला वेळ लागला. मला लाज वाटली नाही, पण भीती वाटली की माझ्या तोंडून काही चुकीचं जाईल आणि ते तिच्या लक्षात जन्मभर राहील. तो बुधवार होता. मी शटर ओढलं, तिच्या कमरेला माझा गमछा बांधला आणि तिला त्या खोलीत नेलं. ताईंनी बाकावरच्या बायांना थोडं बाहेर बसायला सांगितलं, त्या सगळ्या काही न विचारता उठल्या. पाऊण तासानं मुलगी बाहेर आली तेव्हा बाकावरच्या एका म्हातारीनं तिच्या हातात गुळाचा खडा दिला. मग ताईंनी मला बोलावून समजावलं की दुकानातून काय आणायचं, कोणत्या दिवशी पोट दुखेल, देवाजवळ जाऊ नको असं घरात कोणी म्हटलं तर मी काय बोलायचं. गावच्या आशा सेविकेचा नंबर दिला. आज मी ते सामान माझ्या हातानं आणतो आणि मुलगी मला तारीख सांगते.

ही खोली ३१ मार्चला बंद झाली.

संस्थेला एका कंपनीच्या सामाजिक निधीतून तीन वर्षांसाठी पैसे मिळत होते. २०१३ च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना नफ्याचे २ टक्के अशा कामावर खर्च करावे लागतात. तीन वर्षं संपली. पुढच्या देणगीदारानं सांगितलं म्हणे की पगार आणि भाडं याला आम्ही पैसे देत नाही, वस्तू वाटप असेल तर सांगा. बालसंगोपन राबवणाऱ्या संस्थेला सरकार एका लेकरामागे महिन्याला २५० रुपये देतं. त्यात गावोगाव घरभेटीला जाणाऱ्या माणसाचं पेट्रोल निघत नाही, तो माणूस ठेवणं दूरच. ताईंना महिन्याला बारा हजार मिळत होते. खोलीचं भाडं दोन हजार. महिन्याचे चौदा हजार, म्हणजे दोन शिलाई मशिनी.

मी देणाऱ्यांना हात जोडून विनंती करतो. वस्तू देऊ नका असं मी म्हणणार नाही, ज्या गावात शिवणारं कोणी नाही तिथे मशीन लाख मोलाची आहे. पण एका तालुक्यात एका माणसाचा पगार पाच वर्षांसाठी द्या. पाच, कारण तीन वर्षांत बाई जेमतेम आत येऊन बसायला लागते. त्याचं छायाचित्र चांगलं येणार नाही हे मला मान्य आहे. टेबलामागे बसून पासबुक वाचणाऱ्या बाईचा फोटो कोण छापेल? आपण छापा, ही आपल्यालाही विनंती.

पंचायत समितीच्या आवारात बाजाराच्या दिवशी एक खोली मिळाली तर भाड्याचाही प्रश्न राहणार नाही. आणि पाटीवर 'एकल पालक' असं लिहा. माझ्यासारखे बाहेर उभे राहून परत गेलेले बाप आणखी असतील, त्यांच्या मुली कडी लावून झोपत असतील. दवाखान्यात आणि पोलीस पाटलाच्या घरी मोठ्या अक्षरात एक कागद लागला पाहिजे, की शेतात अपघात झाला, साप चावला, वीज पडली, तर माणूस वाटेतच गेला तरी गाडी वळवू नका, पंचनामा आणि शवविच्छेदन करून घ्या, ३० दिवसांत कृषी कार्यालयात जा. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करा. मयताचं पासबुक वाचा, त्यात मे महिन्यात ४३६ किंवा २० रुपये कापलेले दिसतात काय ते बघा. २० रुपयांचा तो अपघात विमा असतो, त्याचेही मृत्यूला २ लाख आहेत. एवढा मजकूर आपण आपल्या पानावर चौकटीत छापला तरी मी तो कापून दुकानाच्या काचेला लावीन.

ताई आता दुसऱ्या जिल्ह्यात काम शोधत आहेत, अजून मिळालेलं नाही. खोलीला कुलूप आहे. तरी गेल्या बुधवारी अकरा जणी आल्या, कुलूप पाहून माझ्या दुकानासमोर येऊन उभ्या राहिल्या, कारण मी त्या बाकावर बसायचो हे त्यांना माहीत आहे. मला जेवढं येतं तेवढं मी सांगितलं. दोघींचे कागद मला समजले नाहीत, त्यांना पुढच्या बुधवारी या म्हटलं.

माझ्या दुकानाचा पुढचा अर्धा भाग बुधवारी मी रिकामा करून देतो. बाक आणून ठेवला आहे, पंखा आहे, पाणी आणि चहा माझ्याकडून. कोणी संस्था, कोणी निवृत्त शिक्षक किंवा नायब तहसीलदार, कायद्याचं शिक्षण घेणारी कोणी मुलं बाजाराच्या दिवशी अकरा ते चार बसायला तयार असतील, तर माझा पत्ता आपल्या कार्यालयात दिलेला आहे. त्या दोघी या बुधवारी येणार आहेत.

आपला वाचक,
एक मोटर वाइंडिंग कारागीर,
जि. यवतमाळ
(मुली शाळेत जातात आणि ज्यांच्याबद्दल लिहिलं त्या बाया याच भागात राहतात, म्हणून नाव-गाव छापू नये ही विनंती.)